वाऱ्यासमोरचा एकटा खांब : संयुक्त प्रतिबलांचे विवेचन

जमिनीत पाय रोवून उभा असलेला एकटा खांब ही स्थापत्य अभियांत्रिकीतील सर्वांत साधी रचना मानली जाते आणि बहुधा त्याच कारणाने तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. इमारतीतील एखादा स्तंभ कमजोर निघाला तर त्याच्या वाट्याचा भार शेजारचे स्तंभ आणि तुळया काही प्रमाणात उचलून धरतात. परंतु रस्त्यावरचा दिव्याचा, फलकाचा किंवा तारांचा खांब एकाच टोकाला बांधलेला असतो, त्याच्यावर जे काही येते ते सर्व बुंध्यातूनच जमिनीत उतरावे लागते आणि बुंधा हरला तर दुसरा कोणताही आधार उरत नाही. अशा खांबावर वारा सुटला की त्याच्या अंगात वजनामुळे दाब, झुकण्यामुळे एका बाजूस ताण व दुसऱ्या बाजूस दाब, आडव्या रेट्यामुळे कर्तन आणि भार मध्यरेषेपासून दूर असल्यास पीळ अशा चार क्रिया एकाच वेळी घडतात. पाठ्यपुस्तकांत या चार क्रियांची चार वेगवेगळी प्रकरणे असतात. खांबातल्या पोलादाला मात्र त्या चारही एकाच बिंदूत, एकाच क्षणी सोसाव्या लागतात. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय म्हणजे ही एकत्र सोसणूक मोजण्याची रीत, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती कोणत्या जागी मोजावी याचा विवेक.

प्रतिबल म्हणजे पदार्थाच्या आतल्या एकक क्षेत्रफळावर येणारे अंतर्गत बल. ते मेगापास्कलमध्ये मोजतात आणि एक मेगापास्कल म्हणजे एका चौरस मिलिमीटरवर एक न्यूटन बल. हे बल विचारात घेतलेल्या पातळीला लंब असेल तर त्याला लंब प्रतिबल म्हणतात, त्यात ताण व दाब हे दोन प्रकार येतात. ते पातळीला समांतर असून एक थर दुसऱ्यावरून सरकवू पाहत असेल तर ते कर्तन प्रतिबल, ज्याला कार्यस्थळी सर्वजण ‘शिअर’ म्हणतात. प्रतिबलाला परिमाण असते, दिशा असते आणि ते ज्या पातळीवर मोजले ती पातळीही असते. म्हणूनच दोन प्रतिबलांची बेरीज ही दोन वजनांच्या बेरजेसारखी करता येत नाही, आणि या विषयातील बहुतेक चुका नेमक्या या ठिकाणी होतात.

प्रथम वाऱ्याचा हिशेब पाहू. भारतात त्यासाठी भारतीय मानक ८७५ चा तिसरा भाग वापरला जातो व त्याची सध्याची आवृत्ती २०१५ ची आहे. त्यात देशाची वाऱ्याच्या मूळ वेगानुसार विभागणी केलेली असून मुंबई व नागपूरसाठी सेकंदाला ४४ मीटर, तर पुणे व नाशिकसाठी ३९ मीटर वेग दिला आहे. हा वेग मोकळ्या मैदानात जमिनीपासून १० मीटर उंचीवर तीन सेकंद टिकणाऱ्या झोताचा असतो आणि त्याचा पुनरावर्तनकाल ५० वर्षांचा धरलेला असतो. याचा अर्थ तो वेग पन्नास वर्षांतून एकदाच येईल अशी हमी आहे असा नव्हे. कोणत्याही एका वर्षी तो ओलांडला जाण्याची शक्यता दोन टक्के आहे एवढाच त्याचा अर्थ, आणि त्यामुळे पन्नास वर्षांच्या आयुष्यात तो निदान एकदा ओलांडला जाण्याची शक्यता सुमारे ६३ टक्के भरते. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग मीटर-प्रतिसेकंदात असेल तर त्याच्या वर्गाला ०.६ ने गुणले की दाब न्यूटन-प्रतिचौरस-मीटरमध्ये मिळतो; ४४ मीटर वेगाला तो सुमारे ११६२ न्यूटन येतो. वेग एक पंचमांशाने वाढला तर दाब ४४ टक्क्यांनी वाढतो, ही गोष्ट किनारपट्टीवरील खांबांच्या बाबतीत विसरून चालत नाही.

वजन आणि वारा यांची सांगड घालण्याची सर्वांत जुनी आणि सर्वांत समाधानकारक रीत महाराष्ट्राच्या व गोव्याच्या देवळांसमोर उभी आहे. जेजुरीच्या दीपमाळा किंवा मंगेशीचा सात मजली दीपस्तंभ हे वाऱ्यात एकटे उभे असणारे स्तंभच आहेत, फक्त ते पोलादाचे नसून दगडी चिरेबंदी वा चुन्याच्या बांधकामाचे आहेत आणि या बांधकामाला ताण जवळजवळ मुळीच सोसत नाही. उदाहरणादाखल १० मीटर उंचीची, पायथ्याशी २.४ मीटर व माथ्याशी १.२ मीटर व्यासाची भरीव दीपमाळ घेतली तर तिचे वजन सुमारे ६३० किलोन्यूटन, म्हणजे ६४ टनांच्या आसपास भरते आणि त्यामुळे पायथ्याशी ०.१४ मेगापास्कल दाब येतो. सेकंदाला ३९ मीटर वेगाचा वारा तिला साधारण १६ किलोन्यूटन बलाने ढकलतो. त्यातून पायथ्याशी ७३ किलोन्यूटन-मीटर नमन परिबल, म्हणजे वाकवू पाहणारा जोर निर्माण होतो आणि त्याचे प्रतिबल ०.०५ मेगापास्कल होते. वाऱ्याकडच्या बाजूला हा ताण वजनाच्या दाबातून वजा होऊनही ०.०९ मेगापास्कल दाब शिल्लक राहतो, म्हणजे सांधे उघडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. हीच गोष्ट दुसऱ्या शब्दांत अशी सांगता येते की वजन व वारा यांचे एकत्रित बल पायथ्याच्या मध्यापासून जेमतेम १२ सेंटिमीटर सरकते, आणि भरीव वर्तुळाकार पायथ्यात ते त्रिज्येच्या एक चतुर्थांशाच्या, येथे ३० सेंटिमीटरच्या आत राहिले की ताण कोठेही उत्पन्न होत नाही. दीपमाळ बांधणाऱ्या पाथरवटांनी हे गणित कागदावर मांडले नसेल, तरी रुंद बुंधा आणि निमुळता माथा हे त्याचे अचूक उत्तर त्यांच्या हातात होते. तेथे वजन वाऱ्याविरुद्ध उभे राहते. पोलादी खांबात वजनाचे हे साहाय्य जवळजवळ नाहीसे होते आणि सर्व झुंज धातूच्या पातळ भिंतीवर येऊन पडते.

आता महामार्गावर सर्वत्र दिसणारा दिशादर्शक फलक घेऊ : रस्त्याच्या कडेला नळीचा एक उभा खांब, त्यातून रस्त्यावर निघालेला आडवा बाहू आणि त्यावर फलक. खांब २७३ मिलिमीटर बाह्यव्यासाच्या व ८ मिलिमीटर जाडीच्या पोलादी नळीचा आहे, फलक ३ मीटर रुंद व २ मीटर उंच आहे, आणि त्याचे केंद्र जमिनीपासून ६ मीटर उंचीवर व खांबाच्या मध्यरेषेपासून ३ मीटर अंतरावर आहे असे समजू. वारा फलकावर समोरून येत आहे. फलकासारख्या सपाट पृष्ठासाठी दाबाला १.२ या बलगुणांकाने गुणावे लागते, त्यामुळे मुंबईच्या वेगाला फलकावर ८.४ किलोन्यूटन बल येते. गोल खांबाच्या अंगावरचे बल १.३ किलोन्यूटन भरते. बाहूवरचा वारा येथे सोयीसाठी सोडला आहे, प्रत्यक्ष आरेखनात तो सोडू नये.

या बलांचे बुंध्याशी काय होते ते क्रमाने पाहावे लागते. वाऱ्यामुळे ५४ किलोन्यूटन-मीटर नमन परिबल येते. फलक बाजूला असल्यामुळे तेच ८.४ किलोन्यूटन बल तीन मीटरच्या हाताने खांबाला २५ किलोन्यूटन-मीटर इतका पीळ देते. फलक व बाहू यांचे वजनही मध्यरेषेपासून दूर असल्याने वारा नसतानासुद्धा खांब रस्त्याच्या दिशेने ७ किलोन्यूटन-मीटर परिबलाने वाकत असतो. आणि या सर्वांसोबत खांबाचे, बाहूचे व फलकाचे मिळून ५.८ किलोन्यूटन वजन खाली येते. नळीच्या छेदाची वाकण्याला विरोध करण्याची क्षमता, ज्याला सेक्शन मॉड्युलस म्हणतात, ती येथे सुमारे ४ लाख २९ हजार घन मिलिमीटर आहे. पिळासाठीची तशीच क्षमता बंद गोल नळीत तिच्या बरोबर दुप्पट असते.

वजनाचा दाब पोलादाच्या संपूर्ण छेदावर वाटला जातो आणि तो एक मेगापास्कलही भरत नाही. दीपमाळेत जे सर्वस्व होते ते येथे नगण्य ठरते. वाऱ्याच्या नमनाचे प्रतिबल १२६ मेगापास्कल आणि वजनाच्या नमनाचे १७ मेगापास्कल येते. या दोहोंची सरळ बेरीज करून १४३ असा आकडा लिहिलेली हिशेबपत्रके नवशिक्यांकडून वारंवार येत असतात, आणि येथेच थांबून विचार करणे आवश्यक आहे. वाऱ्याने खांब वाऱ्याच्या दिशेने वाकतो, वजनाने तो बाहूच्या दिशेने वाकतो, आणि या दोन दिशा एकमेकींशी काटकोनात आहेत. एकीचे कमाल प्रतिबल नळीच्या ज्या बिंदूवर येते तेथे दुसरीचे शून्य असते. गोल नळीत दोन्ही परिबलांचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढले की एकच तिरपे परिबल मिळते, येथे ५४.७ किलोन्यूटन-मीटर, आणि त्याचे प्रतिबल १२७.५ मेगापास्कल होते. चौकोनी नळीत मात्र हेच उत्तर चुकीचे ठरते, कारण तेथे दोन्ही नमनांची कमाल प्रतिबले कोपऱ्यात एकत्र येतात व त्यांची खरोखरच सरळ बेरीज करावी लागते. कोणत्या आकाराला कोणता नियम लागू पडतो हे सूत्र पाठ असण्यावर अवलंबून नसते. परिघावरून मनातल्या मनात बोट फिरवत प्रत्येक बिंदूवर कोण काय करीत आहे हे विचारण्याची सवय असावी लागते.

पिळामुळे नळीच्या भिंतीत २९ मेगापास्कल कर्तन प्रतिबल येते व ते परिघावर सर्वत्र सारखे असते. वाऱ्याच्या आडव्या रेट्याचे कर्तन मात्र केवळ तीन मेगापास्कल आहे, आणि तेही नमनाचे प्रतिबल जेथे शून्य असते तेथेच कमाल होते. म्हणून निर्णायक बिंदूसाठी ते बाजूला ठेवता येते. हा निर्णायक बिंदू म्हणजे वाऱ्याच्या पाठीमागची, किंचित बाहूकडे सरकलेली बाजू. तेथे उभा दाब १२८ मेगापास्कल आणि कर्तन २९ मेगापास्कल असे दोघे एकत्र नांदत असतात.

या दोहोंचा एकत्रित परिणाम काय हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाने सोडवला. ऑगुस्तँ-लुई कोशी यांनी १८२०च्या दशकात दाखवून दिले की एकाच बिंदूतून जाणारी पातळी फिरवत नेली तर तिच्यावरील लंब व कर्तन प्रतिबले बदलत जातात, आणि काही विशिष्ट पातळ्यांवर कर्तन पूर्णपणे नाहीसे होऊन केवळ लंब प्रतिबल उरते. यांना प्रमुख प्रतिबले म्हणतात. ऑटो मोर या जर्मन अभियंत्याने १८८२ साली हीच गोष्ट एका वर्तुळाच्या आकृतीत बसवली व तेव्हापासून मोरचे वर्तुळ प्रत्येक अभियांत्रिकी विद्यार्थ्याच्या वहीत आहे. वर्गात याचा पडताळा खडूने मिळतो : खडू दोन्ही हातांत धरून हलकेच पिळला तर तो आडवा न तुटता पंचेचाळीस अंशांच्या मळसूत्री रेषेवर तुटतो, कारण पिळातले कर्तन त्या तिरप्या पातळीवर निव्वळ ताण बनून उभे राहते आणि खडूला ताणच सोसत नाही. फलकाच्या खांबातील प्रमुख प्रतिबले १३५ मेगापास्कल दाब व सुमारे ६ मेगापास्कल ताण अशी येतात.

पोलाद खडूसारखे ठिसूळ नाही; ते तुटण्याआधी कायमचे वाकते आणि त्याचे हे वाकणे थरांच्या सरकण्यातून, म्हणजे कर्तनातून होते. म्हणून त्याच्यासाठी वेगळा निकष लागतो. आंरी त्रेस्का यांनी १८६०च्या दशकात कमाल कर्तनाचा निकष मांडला, तर पोलंडचे ह्यूबर यांनी १९०४ मध्ये व रिखार्ड फॉन मिझेस यांनी १९१३ मध्ये जो निकष दिला तो आज अधिक प्रचलित आहे : लंब प्रतिबलाचा वर्ग आणि कर्तन प्रतिबलाच्या वर्गाची तिप्पट यांची बेरीज करून वर्गमूळ काढावे आणि त्याची तुलना पोलादाच्या यील्ड प्रतिबलाशी, म्हणजे ज्या पातळीला ते कायमचे विकृत होऊ लागते तिच्याशी करावी. येथे उत्तर १३८ मेगापास्कल येते. नळीच्या पोलादाचे यील्ड प्रतिबल २४० मेगापास्कल धरून ते १.१ या गुणांकाने भागले आणि भार दीडपट केला, तरी २०७ विरुद्ध २१८ असा हिशेब लागून खांब थोडक्यात का होईना, उत्तीर्ण होतो.

या उत्तरातील एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. पिळाचे परिबल नमनाच्या जवळजवळ निम्मे असूनही त्याने एकत्रित प्रतिबल केवळ साडेसात टक्क्यांनी वाढवले. याचे श्रेय निकषापेक्षा नळीच्या बंदपणाला अधिक आहे. पिळाचे कर्तन नळीच्या भिंतीतून अखंड गोल फिरत असते आणि हा फेरा कोठे तुटला तर चित्र पूर्णपणे पालटते : हीच नळी तिच्या पूर्ण लांबीत उभी चिरली तर पिळाचे प्रतिबल सुमारे पन्नासपट होऊन १४०० मेगापास्कलपर्यंत जाईल, म्हणजे पोलाद त्याच्या किती तरी आधीच शरण गेलेले असेल. दिव्याच्या खांबाला बुंध्याशी वायरिंग व फ्यूजसाठी जी खिडकी कापलेली असते ती पूर्ण चीर नसली तरी त्याच जातीची जखम आहे, आणि दुर्दैवाने ती नेमकी तेथे असते जेथे नमन, पीळ व वजन ही तिन्ही कमाल असतात. म्हणून त्या खिडकीच्या कडांना जाड पट्टीची चौकट जोडून कापलेल्या धातूची भरपाई करावी लागते, आणि शक्य तेथे ती निर्णायक दाबाच्या बाजूला येणार नाही असे पाहावे लागते. एखाद्या कार्यशाळेत ही चौकट वगळून केवळ झाकण बसवले गेले तर रेखाचित्रातील सर्व आकडेमोड व्यर्थ जाते.

बुंध्याखाली पोहोचल्यावर प्रतिबलांची भाषा संपून बोल्टांच्या बलांची भाषा सुरू होते, आणि तेथे पिळाचे महत्त्व अचानक वाढते. खांब ४५० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर बसवलेल्या आठ बोल्टांनी धरला आहे असे मानले, तर नमनामुळे सर्वाधिक ताणलेल्या बोल्टावर सुमारे ६० किलोन्यूटन ताण येतो. आडव्या रेट्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला केवळ सव्वा किलोन्यूटन कर्तन येते. पिळामुळे मात्र १४ किलोन्यूटन. नळीत जो पीळ दबून गेला होता तो बोल्टांत रेट्याच्या अकरापटीहून अधिक ठरला. आणि बोल्टाला ताण व कर्तन दोन्ही एकत्र सोसावे लागत असल्याने तेथेही संयुक्त विचारच करावा लागतो. बेसप्लेटखालचे ग्राउट नीट भरलेले नसेल तर बोल्ट उघड्या लांबीत वाकतातही, आणि हा तिसरा त्रास हिशेबात कोणीच धरलेला नसतो.

त्याखाली पाया. दीपमाळेत बल १२ सेंटिमीटर सरकले होते. या खांबाच्या स्वतःच्या वजनाने पाहिले तर ते मध्यापासून नऊ मीटरहून दूर जाते. ते परत आत आणण्यासाठी काँक्रीटचे वजन हवे. दोन मीटर चौरस व दीड मीटर खोल ठोकळा १४४ किलोन्यूटन वजन देतो आणि उलटण्याविरुद्ध दुपटीहून थोडी अधिक सुरक्षितता मिळते. ठोकळा दीड मीटर चौरस केला तर ती एकच्याही खाली घसरते व केवळ आजूबाजूच्या मातीच्या भरवशावर राहावे लागते. हाच हिशेब मोठ्या फलकाच्या बाबतीत पाहा : १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपर येथे वादळी वाऱ्यात कोसळलेल्या जाहिरात फलकाखाली १७ माणसे गेली. तो फलक १२० फूट लांब व तितकाच उंच होता, आणि महापालिकेच्या नियमाप्रमाणे मर्यादा ४० बाय ४० फुटांची होती. क्षेत्रफळ नऊपट, म्हणून बल नऊपट, आणि बलाचे केंद्रही वर गेल्यामुळे पायाशी येणारे परिबल त्याहून किती तरी अधिक. मुंबईच्या मूळ वेगाला, उंचीनुसार वाढणारा दाब न धरतासुद्धा, अशा पृष्ठावर सुमारे १९० टनांचा रेटा येतो. मर्यादा ओलांडणे ही केवळ परवान्याची बाब नव्हती, हे या एका आकड्यावरून समजावे.

काळाचा हिशेब या सर्वांच्या वर आहे. कोकणात खाऱ्या हवेने आणि पावसाच्या साचलेल्या पाण्याने खांब जमिनीलगतच्या वीतभर भागात गंजतो. आठ मिलिमीटर भिंतीतील दोन मिलिमीटर गेले तर तेथील नमन प्रतिबल जवळजवळ एक तृतीयांशाने वाढते आणि वर सांगितलेला थोडक्यात उत्तीर्ण झालेला खांब अनुत्तीर्ण होतो. ३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळात रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांतील विजेचे खांब मोठ्या प्रमाणावर पडले. त्यांत तारांवर कोसळलेल्या झाडांचा ओढा मोठा होता हे खरे, परंतु गंजलेला बुंधा अशा प्रसंगी आधी सापडतो. दुसरा शत्रू वादळी नसून सौम्य आहे. गोल खांबामागे वाऱ्याचे भोवरे आळीपाळीने सुटतात व त्यांची वारंवारता वेगाच्या सुमारे एक पंचमांशाला व्यासाने भागून मिळते. पाव मीटर व्यासाचा आणि सेकंदाला दोन वेळा हेलकावणारा खांब ताशी केवळ ९ किलोमीटरच्या झुळकीत लयीत सापडतो. प्रतिबल लहान, परंतु आवर्तने लाखोंनी, आणि परिणाम म्हणजे बुंध्याच्या वेल्डजवळ शिणवट्याने पडलेली केसाएवढी चीर.

शेवटी आपल्या गावोगावच्या एका सार्वत्रिक प्रथेकडे वळणे भाग आहे. नगरपालिकांचे दिव्याचे खांब केवळ दिव्यासाठी आरेखित केलेले असतात आणि त्यांच्यावर वाढदिवसांचे, सभांचे व उत्सवांचे फ्लेक्स बांधले जातात. १४० मिलिमीटर व्यासाच्या व ४ मिलिमीटर जाडीच्या खांबावर चार फूट रुंद व सहा फूट उंच फ्लेक्स चौकटीसह चार मीटर उंचीवर एका बाजूला बांधला, तर मुंबईच्या आरेखन वेगाला त्या एका फ्लेक्समुळे बुंध्याशी सुमारे २२० मेगापास्कल नमन प्रतिबल येते. दिवा, खांबाचे अंग, पीळ, खिडकी आणि गंज यांचा हिशेब त्यानंतर सुरू होतो. फ्लेक्स फाटेल व खांब वाचेल हा युक्तिवाद ऐकू येतो, परंतु दुहेरी तारेने चौकटीला आवळलेले कापड केव्हा फाटेल हे कोणत्याही मानकात दिलेले नाही. म्हणून नगरपालिका व ग्रामपंचायतींच्या अभियंत्यांना या व्याख्यानाद्वारे आग्रहाची विनंती आहे की दिव्याच्या खांबावर कोणताही फलक, कॅमेरा वा फ्लेक्स चढवण्याची परवानगी देण्यापूर्वी बुंध्याचा संयुक्त प्रतिबलांचा हिशेब मागवावा, पावसाळ्यापूर्वी बुंध्याची वीतभर माती उकरून भिंतीची जाडी मोजावी, आणि ज्या खांबाचा हिशेब कागदावर नाही त्याच्यावर काहीही बांधू देऊ नये.